शून्याच्या वर जाणारी आत्या

ध्वनिमुद्रणाआधीच्या चाचणीत माणूस जितका सभ्य असतो, तितका तो आयुष्यात पुन्हा कधीही नसतो. ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन’ हे तो माईकसमोर इतक्या मृदू स्वरात म्हणतो की शेजारच्या पाळण्यातले मूलही जागे होऊ नये. यंत्रावरची पट्टी मधोमध डोलते, आपण समाधानाने गेनचे, म्हणजे आवाज किती वाढवून घ्यायचा हे ठरवणारे, बटण तिथेच ठेवतो, आणि खरे ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर तोच माणूस असा काही गरजतो की लाल दिवा लागतो तो विझायचे नाव घेत नाही. या दोन आवाजांमधल्या तफावतीमुळेच जगात लिमिटर नावाची, आवाजाला ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ न देणारी, वस्तू जन्माला आली, असे माझे मत आहे. अभियंते तिच्या जन्माची निराळी कारणे सांगतात. पण त्या अभियंत्यांना माझी आत्या नाही.

आत्या ठाण्यात, नौपाड्यात राहते. आयुष्यभर तिने शाळेत गणित शिकवले आणि उरलेल्या वेळात हौशी नाटकांत कामे केली. वर्गात शेवटच्या बाकावरचा मुलगा झोपू नये आणि नाटकात शेवटच्या रांगेतला प्रेक्षक उठू नये, या दोन ध्येयांनी तिचा आवाज घडला आहे. १९७८ साली गडकरी रंगायतन उभे राहिले तेव्हा ठाणेकरांना नाटकासाठी हक्काची जागा मिळाली याचा तिला आनंद झाला. नाटकातल्या माणसांना तिथे माईक लागतो, याचा मात्र तिला आजतागायत राग आहे. निवृत्तीनंतर तिने दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी गोष्टींची पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम अंगावर घेतले. काम उत्तम होते, हेतू त्याहून उत्तम होता, आणि ध्वनिमुद्रणकार म्हणून माझी नेमणूक मला न विचारता झाली होती. तिच्या टीव्हीचा गेलेला आवाज मी एकदा रिमोटवरचे म्यूटचे बटण दाबून परत आणला होता, एवढी पात्रता तिला पुरेशी वाटली.

सुरुवात आम्ही मोबाइलवर केली. मोबाइलमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी व्यवस्था असते आणि ती फार लगबगीची असते. आवाज मोठा झाला की ती गेन उतरवते, लहान झाला की चढवते. वरवर पाहता याहून सोयीचे काही नाही. पण आत्या नाटकातली असल्यामुळे तिला विराम प्रिय आहेत. ‘आणि मग… त्या काळोखात…’ असे म्हणून ती थांबली की मोबाइल घाबरतो, आवाज गेला असे समजून गेन वाढवत नेतो, आणि त्या काळोखात सगळा नौपाडा अवतरतो. वरच्या मजल्यावरचा कुकर, गोखले रोडकडच्या रिक्षा, खाली भंगारवाल्याची आरोळी, हे सारे इतके ठळक ऐकू येऊ लागते की राजकन्येला राक्षसाने पळवले की भंगारवाल्याने, याचा उलगडा ऐकणाऱ्या मुलांना होऊ नये. ही स्वयंचलित व्यवस्था आणि लिमिटर यांना पुष्कळ लोक एकच समजतात, म्हणून येथेच सांगून टाकतो की स्वयंचलित व्यवस्था वरून आणि खालून अशी दोन्हीकडून ढवळाढवळ करते; लिमिटर मात्र फक्त वरच्या बाजूला पहारा देतो आणि कुजबुजीच्या वाटेला जात नाही.

तेव्हा एक छोटा रेकॉर्डर आणला. त्याच्या पुस्तिकेत लिहिले होते की बोलणाऱ्याची चाचणी घ्यावी आणि आवाजाची शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील अशा बेताने गेन ठेवावा. आम्ही पुस्तिकेच्या शब्दाबाहेर गेलो नाही. चाचणीसाठी आत्याने सतराचा पाढा म्हटला, आणि तो इतका गोड म्हटला की तिच्या कुठल्याही माजी विद्यार्थ्याने तो आवाज ओळखला नसता. पट्टी उणे १२ला सुरेख डोलत होती. मग गोष्ट सुरू झाली, दुसऱ्या पानावर राजाला प्रधानाची फितुरी कळली, आणि राजाने ‘विश्वासघात!’ असे जे उद्गार काढले ते रेकॉर्डरला पेलले नाहीत. हेडफोन लावून ऐकले तर त्या शब्दाच्या जागी नुसती करकर उरली होती.

आवाज फाटतो म्हणजे नेमके काय होते, हे आत्याला समजावणे भाग होते, कारण दोष तिचा नसून यंत्राचा आहे असा निकाल तिने आधीच दिला होता. मी म्हणालो, ‘आत्या, या यंत्रात शून्य ही सर्वांत वरची पायरी असते. सगळे आवाज शून्याच्या खाली मोजायचे. शून्याच्या वर काही नसते.’

आत्याने चष्मा काढून हातात घेतला. ‘शून्याच्या वर काही नसते? मग इतकी वर्षे मी फळ्यावर काय लिहीत होते?’

गणिताच्या शिक्षिकेला गणितानेच उत्तर द्यावे म्हणून मी आकडे मांडले. १६ बिटांच्या नेहमीच्या ध्वनिमुद्रणात यंत्र एका सेकंदात ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजते, आणि प्रत्येक वेळी उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्यामधला एक पूर्णांक लिहून ठेवते. याहून मोठा आकडा त्याच्या वहीत नाही. राजा रागावून ४०,०००ला पोहोचला तरी ते ३२,७६७ लिहिते, आणि ६०,०००ला पोहोचला तरी ३२,७६७च लिहिते. ‘म्हणजे शंभराच्या पेपरात एकशेवीस गुणांचे लिहिणाऱ्यालाही शंभरच,’ असे आत्या म्हणाली, आणि डिजिटल क्लिपिंगची याहून नेमकी व्याख्या मी कोणत्याही पुस्तिकेत वाचलेली नाही. या सरसकट गुणवाटपामुळे लहरीचा गोल माथा सपाट कापला जातो, आणि माथा सपाट झाला की मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनसंख्येचे नवे स्वर उपजतात, जे बोलणाऱ्याने उच्चारलेलेच नसतात. तीच ती करकर. संगणकावर हे कापलेले माथे पुन्हा रचून देणाऱ्या प्रणाली आहेत, पण त्या आजूबाजूचे आकडे पाहून अंदाज बांधतात. एखाददुसऱ्या टोकापुरते ते जमून जाते. एवढा मोठा विश्वासघात मात्र अंदाजाने भरून निघत नाही.

या ठिकाणी आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या आतोबांनी, चर्चेत प्रवेश केला. आतोबा वीज खात्यातून निवृत्त झाले असून त्यांचा स्वतःचा आवाज त्या घरात उणे ४०च्या वर गेल्याचे कोणी ऐकलेले नाही. ते म्हणाले, ‘आमच्या टेपरेकॉर्डरवर असे होत नसे. काटा लाल भागात शिरायचा, तरी आवाज फाटायचा नाही. उलट थोडा भरदारच यायचा.’

आतोबांचे म्हणणे बरोबर होते. टेपवरचा चुंबकीय थर एका मर्यादेनंतर आणखी चुंबकत्व घ्यायला हळूहळू नाखूश होत जातो, त्यामुळे लहरीचा माथा एकदम कापला न जाता गोलाईने दबत जातो, आणि थोड्याफार अतिरेकावर पांघरूण पडते. टेपला ही भीड होती. आकड्यांना ती नाही, ते शेवटच्या आकड्यापर्यंत निर्दोष असतात आणि त्याच्या पुढे एकदम निर्दय होतात. ‘म्हणजे तुमचे बरोबर आहे,’ असे मी आतोबांना म्हणालो. हे वाक्य त्या घरात पुष्कळ काळानंतर उच्चारले गेले असावे, कारण ते तत्काळ खुर्ची ओढून बसले आणि त्या दिवसापासून आमच्या मंडळाचे सभासद झाले.

लिमिटर काय करतो, हे आतोबांनीच आधी ओळखले. आवाज ठरलेल्या रेषेला पोहोचला की कोणीतरी चपळाईने बटण उतरवायचे आणि आवाज खाली आला की पुन्हा जागेवर आणायचे, हेच काम यंत्र माणसापेक्षा कितीतरी लवकर करते. त्या रेषेला थ्रेशोल्ड म्हणतात. रेषा ओलांडल्यावर किती दाबायचे ते रेशो ठरवतो. ४:१ या प्रमाणात आवाज रेषेच्या ८ डेसिबल वर गेला तर बाहेर २ डेसिबलच जातात. याला कॉम्प्रेसर म्हणतात. प्रमाण १०:१ किंवा त्याहून कडक झाले की तोच लिमिटर होतो. २०:१ला राजाने २० डेसिबलचा अतिक्रम केला तरी दप्तरात १ डेसिबलचीच नोंद होते. सर्वांत कडक लिमिटर एका डेसिबलचीही गय करीत नाहीत, आणि आत्यासाठी तोच प्रकार लागणार यावर आमचे तिघांचेही एकमत झाले. आत्या चौथी होती असे म्हणायला हरकत नाही, कारण मतदानात तिची दोन मते धरावी लागतात.

आतोबांना जुन्या यंत्रांची आवड असल्यामुळे मी त्यांना लिमिटरांचा थोडा इतिहासही सांगितला. ही यंत्रे रेडिओवाल्यांच्या गरजेतून वाढली, कारण निवेदकाचा आवाज मर्यादेबाहेर गेला तर प्रक्षेपणाची लहर बिघडते आणि शेजारच्या केंद्राच्या जागेतही खरखर सांडते. १९६०च्या दशकात अमेरिकेत एलए-२ए नावाचे एक यंत्र निघाले, ज्यात आवाज वाढला की एक पट्टी उजळते, तिचा प्रकाश समोरच्या प्रकाशसंवेदी रोधकावर पडतो, त्याचा रोध घटतो आणि आवाज बसतो. त्या रोधकाला प्रकाशाप्रमाणे बदलायला व पूर्ववत व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून त्या यंत्राचे दाबणे कानाला सौम्य वाटते. मग १९६७ साली बिल पुटनम यांनी ट्रान्झिस्टरवर चालणारे ११७६ काढले, जे २० मायक्रोसेकंदांत कामाला लागू शकते. आतोबांना पहिले यंत्र फार आवडले. ‘दिवा लागला की आवाज बसतो,’ असे ते स्वतःशीच पुटपुटले आणि आत्याकडे पाहून त्यांनी उसासा टाकला. आमच्याकडे नेमके उलट होते: लाल दिवा लागला की आपला अभिनय पोहोचला असे आत्या समजते आणि पुढचे वाक्य आणखी रंगवते.

रेकॉर्डरच्या यादीत ‘लिमिटर’ असा पर्याय होता, तो आम्ही चालू केला आणि गोष्ट पुन्हा घेतली. पट्टी आता उणे ६च्या वर चढेना. लाल दिवा लागला नाही. तरीही ‘विश्वासघात’ फाटकाच आला. हा अनुभव ज्यांना आला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मीटर शालीन आहे, दिवा विझलेला आहे, आणि आवाज मात्र चिंध्या. याचे कारण असे की आवाजाच्या वाटेवर लिमिटर कुठे बसला आहे यावर सगळे अवलंबून असते. माईकमधून आलेला क्षीण विद्युतप्रवाह आधी प्रवर्धकात मोठा होतो, मग त्याचे आकड्यांत रूपांतर होते, आणि मग ते आकडे कार्डावर लिहिले जातात. लिमिटर रूपांतराच्या आधी असेल तर तो माथा कापला जाण्यापासून वाचवतो. तो आकडे झाल्यानंतर बसवलेला असेल, तर त्याच्यापर्यंत सपाट माथाच पोहोचतो आणि तो बिचारा त्या सपाट माथ्याला शिस्तीत लहान करतो. आणि प्रवर्धकच भरून वाहिला असेल, किंवा माईकच्या पडद्यालाच तो आवाज सोसला नसेल, तर पुढे कोठेही, कितीही महागडा लिमिटर बसवा, तो आधीच फाटलेल्या आवाजाचीच राखण करतो. आमच्या यंत्रातला लिमिटर यांपैकी कुठल्या चौकीवर बसलेला आहे, हे सांगण्याची तसदी पुस्तिकेने घेतलेली नव्हती. त्याच पुस्तिकेत यंत्र पाण्यात बुडवू नये हे मात्र सात भाषांत बजावले होते.

उपाय स्वस्त निघाला. प्रवर्धकाचा गेनच इतका उतरवला की राजा संतापला तरी वाटेत कोठे काही भरून वाहू नये, आणि ध्वनिमुद्रण २४ बिटांवर नेले. १६ बिटांना साधारण ९६ डेसिबलची उंची मिळते, २४ बिटांना हिशेबाने १४४ डेसिबलची. प्रत्यक्षातली उपकरणे इतकी निर्मळ नसली तरी वर १५-१८ डेसिबल मोकळी सोडून नंतर संगणकावर आवाज वाढवला, तरी तळातली खरखर फारशी वर येत नाही. शिवाय आत्याला माईकपासून मागे सरकवले. अंतर दुप्पट केले की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि या लिमिटरला ना वीज लागते ना पुस्तिका. त्याला एकच मर्यादा आहे. आत्या वाक्याच्या ऐन बहरात नकळत पुढे सरकत येते, आणि शेवटी तिचे नाक माईकला लागते. आतोबांनी तिच्या खुर्चीचे मागचे पाय खिडकीच्या गजांना साडीच्या जुन्या काठाने बांधण्याची सूचना केली होती, पण ती फारच हळू आवाजात केल्यामुळे इतिवृत्तात आली नाही.

लिमिटरची उरलेली दोन बटणे आम्हांला आमच्या मातृभाषेनेच शिकवली. त्यांतले पहिले अटॅक, म्हणजे रेषा ओलांडल्यावर किती वेळात दाबायला लागायचे. आमची भाषा महाप्राणांनी भरलेली आहे. ‘धाडकन’, ‘भडाभडा’, ‘खबरदार’, ‘ठार’ असे शब्द उच्चारताना तोंडातून हवेचा जो झोत सुटतो तो माईकच्या पडद्यावर आदळतो आणि क्षणार्धात एक प्रचंड शिखर उभे करतो. अटॅक काही मिलिसेकंदांचा असेल तर ते शिखर लिमिटर जागा होण्यापूर्वीच निसटते. अटॅक अगदी तत्पर ठेवला तर लिमिटर त्या झोतावरच झडप घालतो आणि त्याच्यासोबत अख्खा शब्द गाडला जातो, म्हणजे ‘ठार’मधला ठ तेवढा ऐकू येतो आणि कोण मेले याचा पत्ता लागत नाही. काही लिमिटर आवाज काही मिलिसेकंद थोपवून धरतात आणि पुढे काय येणार हे आधी पाहून वेळेवर हात खाली आणतात. पण ती सोय आकडे झाल्यानंतरची असते. खरे सांगायचे तर हवेच्या झोताशी लिमिटरने लढूच नये. माईक तोंडासमोरून जरा बाजूला घ्यावा, मध्ये ताणलेल्या जाळीचा पॉप फिल्टर धरावा, आणि ८० हर्ट्झच्या खालचा गडगडाट गाळून टाकावा. आम्ही हे सर्व केले. पॉप फिल्टर पाहून आत्याने ‘चहाची गाळणी इकडे कशाला आणलीस?’ असे विचारले, आणि तो प्रश्न गाळणीतून इतका स्वच्छ आला की फिल्टरच्या उपयुक्ततेबद्दल शंका उरली नाही.

दुसरे बटण रिलीज, म्हणजे दाबलेला हात किती वेळाने उचलायचा. गोष्टी लिहिणाऱ्यांना लिमिटर ठाऊक नसतो, नाहीतर त्यांनी राजाच्या गर्जनेनंतर लगेच राजकन्येला कुजबुजायला लावले नसते. रिलीज लांब ठेवला की राजा गप्प झाल्यावरही लिमिटरचा हात खालीच राहतो आणि राजकन्येचे पहिले वाक्य त्याखाली चिरडते. फार आखूड ठेवला की हात इतक्या घाईने वरखाली होतो की आवाजाला धाप लागल्याचा भास होतो, आणि खालच्या स्वरांत तर नवीच करकर सुरू होते. मधल्या मापांतही एक गंमत आहे. गर्जनेनंतर गेन जसजसा पूर्ववत होतो तसतसा खोलीतला पंखा आणि लांबवरचा लोकलचा भोंगा हलकेच वर येतो. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली याचा आम्हां ठाणेकरांना अभिमान आहे, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणात ती एकदा येऊन जाते. शेवटी पंखा बंद केला, रिलीज सेकंदाच्या एक-पंचमांशावर ठेवला, आणि भोंग्याला राजाच्या हत्तीचा दर्जा दिला.

पंखा बंद म्हणजे खिडक्या उघड्या, आणि खिडक्या उघड्या म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. ते एका दुपारी वर आले, त्यांच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम होते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून, तुमच्या घरातून ‘मुंडके उडवा’ अशा आरोळ्या ऐकू येतात, अशी त्यांची तक्रार होती. मी अदबीने त्यांना रेकॉर्डर दाखवला आणि आत्याला राजाचे वाक्य पुन्हा म्हणायला सांगितले. तिने ते खिडकीची काच थरथरेल असे म्हटले. सेक्रेटरींनी वाकून पट्टी पाहिली. तिच्यावर उणे ९ होते.

‘उणे?’ ते म्हणाले.

‘उणे,’ मी म्हणालो.

नियमांत ५५पर्यंत परवानगी असताना हे घर शून्याच्याही खाली आहे, हे पाहून ते वरमले, आणि पुढच्या सभेत शांततेबद्दल आत्याचे उदाहरण देईन असे म्हणून खाली गेले. नियमातला डेसिबल मानवी कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या २० मायक्रोपास्कल दाबापासून वर मोजतात आणि रेकॉर्डरमधला डेसिबल यंत्राच्या कमाल आकड्यापासून खाली मोजतात, त्यामुळे त्या दोघांचा एकमेकांशी नावापलीकडे थेट संबंध नाही, हे मी त्यांना सांगणार होतो. पण ते जिन्यावरून फार भराभर उतरले.

मध्यंतरी आत्याचा नातू ऐरोलीहून आला. तो संगणकाच्या कंपनीत असल्यामुळे आमच्या अडचणी त्याला गेल्या शतकातल्या वाटतात. ‘मामा, लिमिटर कशाला हवा? ३२ बिट फ्लोट घ्या,’ असे म्हणून त्याने झूम एफ-६ या २०१९च्या रेकॉर्डरपासून व्याख्यान सुरू केले. अशा यंत्रांत एक रूपांतरक हळू आवाजासाठी आणि दुसरा मोठ्या आवाजासाठी असतो, दोघांची जोडणी यंत्र स्वतः करते, आणि आकडे अपूर्णांक आणि घात अशा दोन भागांत लिहिल्यामुळे त्या फाइलमध्ये १,५०० डेसिबलांहून अधिक पल्ला मावतो. शून्याच्या वर गेलेला आवाज नंतर खाली ओढला की माथा शाबूत निघतो. शून्याच्या वर जाता येते हे ऐकून आत्याने माझ्याकडे जे पाहिले ते मी वर्णन करीत नाही. नातू सांगत होता ते खरेच होते, फक्त हवेत सलग ध्वनिलहर म्हणून आवाज सुमारे १९४ डेसिबलच्या पलीकडे जाऊच शकत नाही, कारण तेथे लहरीच्या दरीत हवेचा दाब शून्याला टेकतो. तेव्हा उरलेल्या तेराशे डेसिबलांचे आत्याने काय करावे, असे मी विचारले. शिवाय माईकचा पडदा जिथे हात टेकतो तिथे फ्लोटचा इलाज चालत नाही. आणि किंमत ऐकल्यावर आतोबांनी उणे ४०वरून एकदम उणे २०पर्यंत उडी मारली. मला स्वतःला ते यंत्र हवेसे वाटते हे खरे, पण ते घेतल्यावर आत्याला आवरण्याचे शेवटचे शास्त्रीय कारणही माझ्या हातून जाईल, ही धास्ती त्याहून खरी आहे. त्यापेक्षा काही साध्या रेकॉर्डरांत मिळणारी दुहेरी ध्वनिमुद्रणाची सोय मला शहाणपणाची वाटते. तीत तोच आवाज दुसऱ्या फाइलमध्ये ६ ते १२ डेसिबल खालच्या पातळीवर समांतर लिहिला जातो, आणि पहिल्यात राजा फाटला तर दुसऱ्यातून धडधाकट राजा आणून बसवता येतो.

शेवटी फाइल तयार करताना संगणकावर आणखी एक लिमिटर लावतो, पण तो वेगळ्या कामाचा. तिथे सगळ्या गोष्टी एकसारख्या मोठ्या ऐकू याव्यात म्हणून आवाज चढवायचा आणि छत उणे १ डेसिबलवर ठेवायचे, कारण नोंदलेल्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत खरी लहर आकड्यांपेक्षा उंच जाऊ शकते आणि एमपी३ करताना तर शिखरे आणखी सरकतात. पुष्कळ लोक या शेवटच्या लिमिटरने सगळे दाबून गोष्टीची भिंत करतात, ज्यात राजा, राजकन्या आणि हत्ती एकाच उंचीचे होतात. ते मला मान्य नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळचा लिमिटर तर दिवसातून थोडाच वेळ कामाला लागला पाहिजे; त्याचा दिवा सतत पेटलेला दिसला, तर गेन जास्त आहे असे समजावे.

आणि गेन बरोबर कुठे ठेवायचा, हा प्रश्न अखेर आतोबांमुळे सुटला. चाचणीच्या वेळी आत्या सभ्य होते, हीच सगळ्या गुंत्याची मुळी होती. पाढा म्हणायला सांगा, ती सभ्य. राजाचे वाक्य म्हणायला सांगा, तरी चाचणी आहे हे ठाऊक असल्यामुळे ती अर्धाच संताप खर्च करते. म्हणून आता मी चाचणी आहे असे सांगतच नाही. माईक गुपचूप चालू ठेवतो. आतोबा ठरल्याप्रमाणे आत येतात आणि नेहमीच्या क्षीण आवाजात विचारतात, ‘अगं, विजेचे बिल भरायचे राहिले का तुझ्याकडून?’ यावर येणारे उत्तर हे त्या घरातले कमाल ध्वनिमान होय. त्याची शिखरे उणे १०ला टेकतील इतका गेन मी ठेवतो, लिमिटरची रेषा उणे ६ला आखतो, आणि मग कोणताही राजा, राक्षस किंवा सेनापती त्या उत्तराच्या पलीकडे क्वचितच जातो. आतोबा विषय बदलत राहतात, कारण बिलाच्या प्रश्नाची धार हळूहळू बोथट झाली. सध्या ‘तुझी बहीण कधी येणार आहे?’ हा प्रश्न ३ डेसिबलने सरस ठरतो आहे. या सेवेबद्दल प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी श्रेयनामावलीत त्यांचे नाव ‘तांत्रिक साहाय्य’ म्हणून वाचले जाते, आणि आत्याला त्यामागचे तंत्र अजून कळलेले नाही.

पुढचे पुस्तक इतिहासातल्या लढायांचे आहे आणि त्यात तोफा आहेत. तोफांचे आवाज नंतर संगणकावर जोडता येतील, असे मी सुचवून पाहिले. ‘तोफ मी स्वतः वाचणार आहे,’ असे आत्याने सांगितले. माईक आणि रेकॉर्डर यांच्यामध्ये बसवायचा, आवाज उतरवून पुढे पाठवणारा उणे २० डेसिबलचा पॅड मी मागवला आहे, आणि तो येईपर्यंत आम्ही तहाची प्रकरणे घेत आहोत.